तुलूझची लाल-काळी जर्सी ठाण्यात घ्यायची तर

स्ताद तुलुझाँ हा फ्रान्सच्या तुलूझ शहराचा रग्बी क्लब. त्याची जर्सी ठाण्यात तीन वाटांनी मिळते. स्टेशनजवळच्या गल्ल्यांत हँगरला लटकलेली रेडिमेड, वागळे इस्टेटमधल्या सब्लिमेशन युनिटकडून (म्हणजे उष्णतेने कापडात रंग मुरवून छापणाऱ्यांकडून) शिवून घेतलेली, आणि फ्रान्सहून मागवलेली अस्सल. रेडिमेड पाचशेच्या आत येते, शिवलेली हजाराच्या आत. अस्सल या दोन्हींच्या कितीतरी पट, वर कस्टम ड्युटी आणि कुरियर वेगळं. आधीच सांगून टाकतो: रेडिमेड घेऊ नका, अस्सल घालून टर्फवर उतरू नका. शिवून घ्या, पण ऑर्डर फोनवर देऊन मोकळे होऊ नका.

रेडिमेडची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते. बोधचिन्हाजवळचे तारे मोजा. एक तारा म्हणजे एक युरोपियन कप, आणि तुलूझने ते जिंकले 1996, 2003, 2005, 2010, 2021 आणि 2024 मध्ये. म्हणजे सहा. चारच तारे दिसले तर डिझाइन 2021 च्या आधीचं, पाच दिसले तर 2024 च्या आधीचं. जुन्या सीझनची जर्सी म्हणून ती विकली तर हरकत नाही. पण चार तारे आणि वर ‘यंदाची आहे’ असं ऐकू आलं, तर फाइल कुठूनतरी उचललेली आहे हे समजा. सात ताऱ्यांची जर्सीही विकायला असते. सातवा बहुधा जागा भरायला असावा.

आता रंग. लाल-काळा हा काही डिझायनरने बसून ठरवलेला मेळ नाही. मध्ययुगात तुलूझ शहराचा कारभार ‘कापितुल’ नावाचे नगराधिकारी बघत, त्यांचे झगे लाल-काळे असत. 1907 मध्ये क्लब उभा राहिला तेव्हा हेच रंग घेतले. डिझाइन दर सीझनला बदलतं, कधी लाल जास्त तर कधी काळा, पण या जोडीबाहेर घरची जर्सी जात नाही. छपाईवाल्याची खरी कसोटी हीच जोडी आहे. लाल कोणालाही जमतो, फसतो तो काळा. सब्लिमेशनमध्ये कागदावरची शाई साधारण 190 ते 200 अंशांवर वायू होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, प्रेसखाली पाऊण ते एक मिनिट. तापमान किंवा वेळ कमी पडली तर काळ्यात तपकिरी झाक येते. जास्त झाली तरी रंग भाजल्यासारखा होतो. युनिटच्या ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही. सँपलचा तुकडा बाहेर उन्हात न्या आणि काळ्या छत्रीच्या कापडाशेजारी धरा, फरक लगेच कळेल. वागळेतल्या बऱ्या युनिटांचा काळा पहिल्या सँपलला नाही तरी दुसऱ्या सँपलला नीट येतो, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाठीवरच्या नंबरात. नंबर सब्लिमेशनच्या फाइलमध्येच टाकलेला हवा. बरेच जण एकसारख्या जर्स्या आधी छापून ठेवतात आणि नाव-नंबर नंतर व्हिनाइलने किंवा डीटीएफने (फिल्मवर छापून) चिकटवतात, कारण त्यांना ते सोयीचं पडतं. लाल पॉलिस्टरवर पांढरा आकडा गरम प्रेसने बसवला की खालचा लाल रंग पुन्हा सुटतो आणि पांढऱ्यात चढतो. डिलिव्हरीच्या दिवशी आकडा पांढराशुभ्र असतो. दोन-चार दिवसांत, कधी पहिल्या धुण्यानंतर, तो गुलाबी पडतो. तुलूझला विटांच्या रंगामुळे गुलाबी शहर म्हणतात हे खरं, पण 9 नंबर गुलाबी असावा असा त्याचा अर्थ नाही. नंबर चिकटवायचाच असेल तर रंग अडवणारा थर असलेली फिल्म मागा आणि प्रेसचं तापमान उतरवायला सांगा. ‘काही होत नाही’ असं उत्तर मिळालं तर दुसरं युनिट बघा.

हा 9 अर्थातच तुलूझचा स्क्रमहाफ आंत्वान द्युपाँसाठी. 2017 मध्ये कास्त्र क्लबकडून आला, 2021 मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, 2024 मध्ये सहाव्या ताऱ्यापाठोपाठ पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं, म्हणजे सात जणांच्या रग्बीचं, सुवर्णही घेऊन गेला. त्याच्या नावातला शेवटचा टी उच्चारत नाहीत, पण लिहितात. कानावर पडलं तसं स्पेलिंग छापलेली जर्सी परत करता येत नाही, म्हणून नाव कागदावर लिहून द्या आणि प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, अक्षर न् अक्षर वाचा. तुलूझच्याच न्तामाकच्या बाबतीत तर दोनदा वाचा. एन पुढे आणि टी मागे, हे ऑपरेटरला चूक वाटतं आणि तो ती परस्पर सुधारतो.

रग्बीत नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो, हेही ऑर्डर देताना ध्यानात ठेवा. 1 आणि 3 प्रॉप, 2 हूकर, 9 स्क्रमहाफ, 10 फ्लायहाफ, 15 फुलबॅक, 16 ते 23 बदली. रोमँ न्तामाक 10, तोमा रामोस बहुतेकदा 15. या जोड्या बिनधास्त छापा. हूकर मार्शाँ आणि मोव्हाका यांच्यापैकी एक 2 घालतो आणि दुसरा 16, मॅचगणिक अदलाबदल, त्यामुळे दोन्ही बरोबर. चेझलिन कोल्बे 2017 ते 2021 तुलूझमध्ये होता, विंगवर खेळला आणि फुलबॅकलाही, म्हणून 11, 14, 15 काहीही चालेल. पण द्युसोत्वारच्या नावाखाली 10 छापून घेतला तर जाणकार हसतील. 2011 चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, पण तो फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा, टॅकल करणारा गडी. त्याला 6 द्या.

कापडाबाबत युनिटवाले सवयीने फुटबॉलचं डॉट निट पुढे करतात, 140 ते 160 जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम). गॅलरीत बसून मॅच बघायची असेल तर तेच घ्या, ठाण्याच्या घामात सुखाचं आहे. खेळायचं असेल तर नको. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे गडी एकमेकांत गुंतून रेटतात तेव्हा, प्रॉपने समोरच्याची जर्सी पाठीवर किंवा बाजूला मुठीत धरायची, असा नियमच आहे, आणि वजन येतं ते त्या मुठीतल्या कापडावर. तुलूझच्या मेआफूसारखा दोन मीटरच्या वरचा लॉक (प्रॉपच्या मागच्या रांगेतला गडी) मागून रेटत असेल तर विचारूच नका. डॉट निट तिथे आधी ताणतं, मग उसवतं. जुन्या रग्बी जर्सीचं कापड 280 च्या आसपासचं असे, पण ते आपल्या एप्रिलमध्ये अंगावर सोसवत नाही. 200 ते 220 जीएसएमचं इंटरलॉक पॉलिस्टर हा इथला मध्यममार्ग.

शिलाई कापडापेक्षा महत्त्वाची. जर्सी उलटी करून बगल बघा. नुसतं ओव्हरलॉक असेल तर दोन्ही बाजूंनी धरून जोरात ओढा. टाक्यांच्या फटीतून उजेड दिसला की ती बगल पहिल्याच सरावात जाणार. ओव्हरलॉकवर डबल नीडल किंवा फ्लॅटलॉक, खांद्याच्या आत टेप आणि गळ्याला दुहेरी पट्टी, एवढं सांगा. यासाठी प्रत्येकी थोडे पैसे जास्त पडतात, तिथे घासाघीस करू नका. कॉलरवाली रेट्रो जर्सी हवी असेल तर बटणं रबराची लावून घ्या. शर्टाचं प्लास्टिकचं बटण टॅकलमध्ये समोरच्याच्या कपाळावर छाप पाडतं.

रेट्रो करायचीच तर वर्ष विचार करून निवडा. सगळे 1912 मागतात, कारण पहिली ब्रेनस ढाल, म्हणजे फ्रेंच विजेतेपदाची ढाल, तेव्हाची आणि तो संघ अख्ख्या सीझनमध्ये हरला नव्हता. पण 1922 ते 1927 च्या पाच ढाली आणि मग 1947 ची एक, यानंतर थेट 1985 पर्यंत कपाट रिकामं होतं. अडतीस वर्षं. त्या दुष्काळात झाँ-पिएर रीव्हसारखा सोनेरी केसांचा फ्लँकर इथे खेळून गेला, तरी ढाल आली नाही. 1985 ची कॉलरवाली जर्सी म्हणूनच जास्त बोलकी वाटते. पुढे प्रशिक्षक गी नोव्हेसच्या 1993 ते 2015 च्या काळात नऊ ढाली आल्या, त्यांतल्या चार 1994 ते 1997 सलग. 2017 मध्ये लीगमध्ये बारावा नंबर, आणि प्रशिक्षक उगो मोलाच्या हाताखाली दोनच वर्षांत पुन्हा चॅम्पियन. 2024 ची फायनल बोर्दोविरुद्ध 59-3. 2025 ला तोच बोर्दो, पण 39-33, तेही जादा वेळेत. एकूण 24 ढाली. हा आकडा जर्सीच्या आतल्या पट्टीवर छापून देतात, पैसे न वाढवता. विचारावं लागतं.

बोधचिन्हाबद्दल एक. एस आणि टी गुंफलेलं ते चिन्ह क्लबच्या मालकीचं आहे. एखाद्याने हौसेने अंगावर घालणं वेगळं, पंधरा जणांच्या टीमने ते छापून स्पर्धेत उतरणं वेगळं. टीमसाठी लाल-काळा ठेवा, पट्टे ठेवा, छातीवर स्वतःचं चिन्ह टाका. तारेही काढा, ते कमवावे लागतात.

अस्सल जर्सीत दोन कट असतात, प्रेक्षकांचा आणि खेळाडूंचा. खेळाडूंचा कट मुद्दाम अंगाला चिकटून असतो, प्रतिस्पर्ध्याच्या हाती कापड लागू नये म्हणून. ढेरी असेल तर दोन साइझ वर जा. नेहमी घालता तो टीशर्ट सपाट अंथरून बगलेपासून बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. साइझ चार्टशी तो आकडा जुळवा, छातीचा नको. बोधचिन्ह उठावदार आणि काळा खरोखर काळा, यात अस्सलला तोड नाही. पण कृत्रिम टर्फवर एकदा घसरलात की कोपराशी कापडाचे गोळे निघतात, आणि तेवढ्या किमतीला ते बघवत नाही.

धुताना उलटी करून गार पाण्यात, ब्लीच नको, इस्त्री नंबरावर नको. पावसाळ्यात ओली जर्सी बॅगेत रात्रभर राहिली तर काळ्यावर दिसत नाही, पण लाल भागावर बुरशीचे ठिपके उठतात आणि ते जात नाहीत. घोडबंदरहून घरी पोचल्याबरोबर आधी पंख्याखाली टाका.

मुदतीचं मात्र कॅलेंडर बघून ठरवा. एरवी पंधरा जर्स्यांना आठवडा-दहा दिवस पुरतात. टॉप 14 ची, म्हणजे फ्रेंच लीगची, फायनल जूनमध्ये असते, ती बघून उत्साहाने जुलैत ऑर्डर द्यायला गेलात तर युनिटमध्ये पाय ठेवायला जागा नसते: सगळी मशिनं गोविंदा पथकांच्या टीशर्टांवर. त्या गर्दीत सँपल मिळत नाही, प्रूफ मोबाइलवर येतं आणि काळा तपकिरी निघाला तरी पुन्हा छापून द्यायला कोणाला वेळ नसतो. ऑर्डर मेमध्ये द्या, नाहीतर सरळ हंडी फुटल्यावर.