घरचा स्वॅब की दवाखान्यातलं टेबल?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी म्हटली की स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं उपकरण) आठवूनच अनेकजणी अंग चोरतात. घरी नमुना घेताना ते नसतं. मऊ स्वॅब योनीत घालायचा, हळूच फिरवायचा, नळीत बंद करायचा. नेमकं गर्भाशयमुख गाठायचीही गरज नाही, कारण शोधायचा असतो एचपीव्ही, म्हणजे बहुतेक वेळा हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो विषाणू. पीसीआर चाचणीत (ती विषाणूचा जनुकीय अंश शोधते) हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याच्या जवळपास तोडीचा ठरतो.

पॅप स्मिअरसाठी मात्र दवाखानाच, कारण त्याला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला गर्भाशयमुखाच्या पेशी लागतात. आपल्या सरकारी केंद्रांत गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते बघतात. निकाल तिथल्या तिथे. घरच्या नमुन्याला प्रयोगशाळेची वाट बघायची, आणि पॉझिटिव्ह आला की टेबल चुकत नाहीच. (पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, हे किटवर ठळक छापायला हवं.)

तरी माझं झुकतं माप एचपीव्ही चाचणीलाच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आम्ल लावून बघण्याने तेवढा फरक दिसला नाही. तिथे नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते, एवढं खरं.

पाळी गेल्यावर किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, तर किट मागवत बसू नका. थेट डॉक्टरकडे जा.