थेट बुकिंग की संकेतस्थळावरून बुकिंग: सोलापुरातील घरमालकांसाठी तुलना

अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर येथे दर्शनाला जाणारी अनेक कुटुंबे सोलापुरात मुक्काम करतात. त्यामुळे येथे घर पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यापुढे प्रश्न उरतो, तो पाहुणे कोणत्या मार्गाने यावेत याचा.

बुकिंग डॉट कॉमसारख्या संकेतस्थळामुळे अनोळखी पाहुणा घरापर्यंत पोहोचतो, जे नव्या मालकाला एकट्याने साधणे अवघड असते. त्याची किंमत मात्र मोठी आहे: कमिशन 15 टक्के धरले, तर 2,000 रुपयांच्या एका रात्रीमागे 300 रुपये आणि त्यावरील 18 टक्के जीएसटीचे 54 रुपये जातात.

थेट बुकिंगमध्ये ही रक्कम हाती राहते आणि तिचा काही भाग सवलतीच्या किंवा सकाळच्या नाश्त्याच्या रूपाने परत केला, तर पाहुण्याला पुढच्या वेळी मालकालाच फोन करण्याचे खरे कारण मिळते. स्वामींच्या दर्शनाला दरवर्षी येणारी कुटुंबे अशीच टिकतात, असे माझे ठाम मत आहे. आगाऊ रक्कम यूपीआयने घेता येते. परंतु बुकिंग रद्द करण्याचे नियम लेखी कळवणे आणि परताव्याचा वाद मिटवणे ही जबाबदारी मालकावर येते. (परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा, पूर्वी ‘फॉर्म सी’ नावाचा फॉर्म मात्र दोन्ही मार्गांत मालकानेच 24 तासांत भरायचा असतो.)

संकेतस्थळावरून आलेले चालू बुकिंग रद्द करायला लावून थेट वळवणे नियमबाह्य आहे. निमंत्रण द्यायचे ते पुढच्या मुक्कामाचे. जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेसाठी खोल्या प्रथम जुन्या पाहुण्यांना थेट द्याव्यात, उरलेल्या संकेतस्थळावर ठेवाव्यात.