शाळेसाठी घेतलेला छोटा प्रोजेक्टर: दोन वर्षं वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा दोनशिक्षकी, पटावर ३१ मुलं. दोन वर्षांपूर्वी कापसाचे पैसे हाती आल्यावर गावानं लोकवर्गणी काढली आणि ११,५०० रुपयांचा एलईडी प्रोजेक्टर घेतला. घेताना मला कुणी नीट सांगणारं नव्हतं, म्हणून जे कळलं ते लिहिते आहे.

पहिली गोष्ट उजेडाची. खोक्यावर ९,००० लुमेन छापलेलं होतं आणि दुकानदार म्हणाला, दिवसाही चकाचक दिसतं. दिसत नाही. विचारायचा आकडा असतो ‘एएनएसआय लुमेन’चा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेल्या उजेडाचा. तो आमच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात ३०० होता. एवढ्या लुमेनवर खोलीत अंधार केल्याशिवाय भागत नाही. मुलांच्या आयांनी खताची रिकामी पोती उसवून, दुहेरी शिवून खिडक्यांना पडदे करून दिले. आधी आम्ही पांढरं धोतर ताणून बांधायचो, पण वाऱ्यानं चित्र हलायचं. मग भिंतीवरच सहा फुटांचा चौकोन पांढऱ्या रंगानं रंगवला, आणि चित्र लगेच ठसठशीत झालं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र सकाळच्या शाळेत साडेआठच्या आतच. त्यानंतर टिनाखाली खिडक्या बंद करून मुलांना बसवणं बरं नाही.

आवाज बारा-पंधरा मुलांपुरता ठीक. पाऊस टिनावर वाजायला लागला की काही ऐकू येत नाही. भजनी मंडळाचा स्पीकर वायरनं जोडला की काम होतं. काही फायलींचं चित्र यायचं, आवाज यायचा नाही. फाईलमधला आवाज डॉल्बी नावाच्या पद्धतीत साठवलेला असला तर स्वस्त यंत्र तो वाजवत नाही. तालुक्याच्या सायबर कॅफेतून फाईल बदलून आणली. मोबाईलवरच्या पैसे भरून बघायच्या ॲपमधला सिनेमा जोडला तर पडदा काळाच राहतो, कारण त्यांनी नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असतं. पेनड्राईव्ह सगळ्यात बरा.

आता ज्याच्यासाठी घेतला ते सांगते. सुरुवातीला मी अख्खा सिनेमा लावायची. मुलं गुंगून बघायची आणि संपला की धावत बाहेर. दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर एकच, “छान होता मॅडम.” पुढे मी सात-आठ मिनिटांचाच तुकडा लावायला लागले आणि मधे थांबवायला लागले. माझ्या मते या यंत्राची खरी किंमत रिमोटवरच्या त्या एका बटणात आहे.

ऑगस्टमध्ये गुलाबी बोंडअळीच्या जीवनचक्राची चित्रफीत लावली. अळी पडद्यावर हातभर लांब दिसली तशी चौथीतली एक मुलगी उभीच राहिली, “मॅडम, हे तं आपल्या बोंडातली अयी होय!” कोषापर्यंत आल्यावर मी थांबवलं. आता यातून काय निघणार? कुणी म्हणालं अळी, कुणी म्हणालं फुलपाखरू. वर्गात कधी तोंड न उघडणारा पाचवीतला एक मुलगा मागून म्हणाला, “पाखरू निघते. भुरकं, बारीक. राती येते ते. सकायी आमच्या सापळ्यात पडून रायते.” त्याच्या बापानं वावरात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पाखरांना ओढून पकडणारे सापळे, लावले होते. सापळा रोज सकाळी तोच बघत होता. दुसऱ्या दिवशी तो डोमकळी घेऊन आला, पाकळ्या चिकटून मिटलेलं कपाशीचं फूल. वर्गात सगळ्यांसमोर त्यानं ते उकललं. आत अळी होती. मी पंधरा वर्षं शिकवते आहे, पण त्या दिवशी शिकवलं त्यानं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ लागायचं. कार्यक्रम फार मनापासून केलेला होता, घरातल्या वस्तू घेऊन करायचे उपक्रम असायचे. माझी मुलं एकाच घरच्या टीव्हीसमोर गोळा व्हायची. पण लाईन गेली की तो भाग गेला, आणि एखाद्याला नाही कळलं तर टीव्ही त्याच्यासाठी थांबत नव्हता. तेव्हा मला फार वाईट वाटायचं. म्हणूनही हे बटण मला एवढं मोलाचं वाटतं.

भाषेच्या तासाला मूकपट लावून बघा. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, त्याचा उरलेला थोडा भाग आम्ही लावला. आवाजच नाही, म्हणून मुलांनीच बोलायचं ठरलं. आमच्या हरिश्चंद्रानं तारामतीला “काऊन रडतं वं?” विचारलं आणि ती म्हणाली, “मंग काय करू, सारं राज्य देऊन टाकलं तुमी.” ज्यांच्याकडून पाच ओळी लिहून घेताना नाकी नऊ येतात, त्यांनी त्या दिवशी पान-पान संवाद लिहिले. तारामतीचं काम पुरुषानं केलंय हे सांगितल्यावर पोरी अवाक. बायका का नव्हत्या, यावर पूर्ण तास गेला. तो मी जाऊ दिला.

शाळेत सिनेमा दाखवायला परवानगी लागते का, असं शेजारच्या गावातले गुरुजी विचारत होते. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. शाळेच्या कामाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असतील तर चालतं. गावजेवणाला पडदा लावला तर ती गोष्ट वेगळी.

तक्रार एकच मोठी आहे. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत हवेत रुई उडते, आणि ती पंख्यातून थेट आत जाते. दुसऱ्या वर्षी चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काळा ठिपका आला. दुरुस्तीला नागपूरला पाठवावा लागला, तीन आठवडे आणि ९०० रुपये गेले. आता वापर झाला की सुती पिशवीत बांधून कपाटात, आणि जाळी दर शनिवारी ब्रशनं साफ. आधीच केलं असतं तर पैसे वाचले असते.

या वर्षी बोंडअळीची तीच चित्रफीत पुन्हा लावली तेव्हा रिमोट एका चौथीच्या मुलीला दिला. तिनं मी कधीच थांबवत नव्हते तिथं थांबवलं, अंड्यावर. “मॅडम, हे अंडं कुठी घालते ते? पानावर का पातीवर?” पाती म्हणजे कपाशीची न उमललेली कळी. वर्गात दोन मतं पडली. शाळेच्या कुंपणाला लागूनच वावर आहे. भिंग घेतलं आणि निघालो.