सिव्हिलायझेशन ७: जुन्या खेळाडूंनी घ्यावा का? पावसाळाभर खेळल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. सिव्हिलायझेशन या संगणकावर राज्य उभारण्याच्या खेळमालिकेचे चौथा, पाचवा, सहावा हे भाग ज्यांनी मन लावून खेळलेत त्यांनी सातव्याकडे पाठ फिरवू नये. मात्र पहिला डाव मांडण्याआधी सेटिंगमध्ये दोन-तीन गोष्टी बदलून घ्याव्यात. युग पहिल्यांदा बदलेल तेव्हा राग येईल, तो गिळून दुसरा डाव मांडावा. हा खेळ पहिल्या डावात आवडत नाही. मलाही उशिरा आवडला, पण आता सहाव्या भागाकडे परत जायला मन होत नाही.

मालिकेचा कणा १९९१ पासून एकच होता: एक राष्ट्र घ्यायचं, पहिलं गाव वसवायचं आणि तेच राष्ट्र थेट अवकाशयानापर्यंत न्यायचं. सातव्या भागात या कण्याचे तीन तुकडे केलेत: प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग. युग संपलं की संस्कृती बदलते, नेता मात्र तोच राहतो. अशोक घेऊन मौर्यांपासून सुरुवात केली की पुढे चोळ, त्यापुढे मुघल, असं जाता येतं. नेता आणि संस्कृती यांची गाठही सोडलेली आहे, म्हणजे अशोकाला रोमच्या गादीवर बसवता येतं. जुना खेळाडू हे ऐकतो आणि कपाळाला हात लावतो. मीही साशंकच होते, कारण २०२१ च्या ह्युमनकाइंड या अशाच दुसऱ्या खेळात हा प्रयोग झाला होता. तिथे संस्कृती इतक्या भराभर बदलायच्या की शेजारी कोण राज्य करतंय हेच ध्यानात राहायचं नाही. इथे टप्पे तीनच आहेत. प्रत्येक संस्कृतीला स्वतःच्या इमारती, स्वतःचं सैन्य आणि स्वतःचा नागरी कायद्यांचा वृक्ष, म्हणजे एकातून पुढचं उघडत जाणारी मालिका आहे. मौर्यांची धर्मशाळा आणि विहार नकाशाच्या एकाच षटकोनी घरात बांधले की त्यांचा मठ होतो, आणि पुढची युगं उलटली तरी तो मठ शहराच्या मध्यात उभा असतो.

मी रेवदंड्याची. खेळाची ही कल्पना मला पटायला माझं गावच कारण झालं. आमच्या शेजारचं चौल हे बंदर टॉलेमीच्या भूगोलात आहे, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी वाटाड्यात आहे, कान्हेरीच्या लेण्यातल्या लेखात चेमुल म्हणून आहे. शिलाहारांच्या काळात अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. पुढे निजामशाही आली. पोर्तुगीजांनी १५२१ नंतर रेवदंड्याला कोट बांधला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. राज्यकर्ते बदलले, धर्म बदलले, चलन बदललं. खाडी तीच, धक्का तोच, माडाच्या वाड्या त्याच. एकाच झेंड्याखाली सहा हजार वर्षं चालणारं राष्ट्र हीच खरं तर जुन्या सिव्हची कल्पित गोष्ट होती. आम्ही ती इतकी वर्षं आवडीने खेळलो म्हणून ती खरी ठरत नाही.

आणि जे मागे उरतं तेही खेळाने बऱ्यापैकी ओळखलंय. आधीच्या संस्कृतीच्या काही परंपरा पुढच्या युगात धोरण म्हणून लावता येतात. चोळ म्हणून खेळताना मौर्यांची एखादी परंपरा चालू ठेवायची की नव्या धोरणाला जागा द्यायची, हा प्रश्न दर काही टर्नांनी, म्हणजे खेळातल्या पाळ्यांनी, समोर येतो. आमच्याकडे खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी तिथल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. इतिहास असाच उरतो, आणि सिव्हच्या कुठल्याही आधीच्या भागाला हे दाखवता आलं नव्हतं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. कल्पना थरांची आहे, पण एका थरावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षण सुरीने कापल्यासारखा आहे. युग बदललं की चालू लढाया तिथेच थांबतात. शेजाऱ्यांशी जुळवलेले व्यापारी मार्ग पुसले जातात. राजधानी सोडून बाकीची शहरं पुन्हा गावं होतात. जुन्या इमारतींचं उत्पन्न घटतं. ज्या स्वतंत्र नगरांना किती तरी टर्न आपल्या बाजूला ओढत आणलं, ती नकाशावरूनच जातात. चौलला पोर्तुगीज आले तेव्हा घोड्यांचा आणि कापडाचा व्यापार एका रात्रीत शून्यावर आला नव्हता. तो हळूहळू हात बदलत गेला, काही दुसऱ्या बंदरांकडे सरकला. खेळात मात्र पडदा पडतो आणि पुन्हा उघडतो. युगाच्या शेवटी येणारी संकटं, म्हणजे साथ, बंड, टोळ्यांची धाड, ही त्या पडद्याची तयारी असायला हवी होती. पण साथीतून जेमतेम सावरलेलं शहर आणि साथीत बुडालेलं शहर पुढच्या युगात जवळपास एकाच जागी उभी राहतात, तेव्हा त्या धडपडीचं चीज होत नाही.

खेळ आला तेव्हा हे याहून वाईट होतं. नंतरच्या अपडेटमध्ये युगबदलासाठी ‘कंटिन्युइटी’ नावाचा पर्याय आला. तो लावला की सैन्य घरी न परतता जागच्या जागी राहतं. डाव मांडताना तो लागलेला आहे ना हे पाहाच. युगांची लांबी ‘लाँग’ ठेवा. पहिल्या डावात संकटं बंद ठेवली तरी बिघडत नाही. एवढं केलं की प्राचीन युगात श्वास घ्यायला जागा मिळते. माझ्या मते प्राचीन युग हा या संपूर्ण मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे. पहिलं शहर, नदीतून आत शिरणारी जहाजं, सात आश्चर्यं बांधण्याची किंवा ग्रंथ गोळा करण्याची शर्यत, आणि सोबत ‘इन्फ्लुअन्स’ हे नवं चलन. मुत्सद्देगिरी आता वस्तूंच्या घासाघिशीवर चालत नाही, या चलनावर चालते. सहाव्या भागात संगणकाला दोन आलिशान वस्तू देऊन सोनं उकळायची युक्ती सगळ्यांना पाठ होती. ती गेली याचा मला आनंद आहे.

शोधयुगाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. खेळायला ते रंगतदार आहे: समुद्र ओलांडायचा, ‘दूरदेशी’ वसाहत करायची, तिथला मसाला, साखर वगैरे माल खजिन्याच्या ताफ्यांतून मायदेशी आणायचा आणि गुण मिळवायचे. दूरदेशात जिंकलेल्या वस्त्यांनाही वेगळे गुण आहेत. पण खेळाडू नेहमी ताफा पाठवणाऱ्याच्या बाजूला असतो. आम्ही ज्या किनाऱ्यावर राहतो तो कुणाचा तरी दूरदेश होता. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. ज्याच्या बंदरात परके ताफे आले त्यानेही या युगात जिंकावं, किनारा राखून, जकात बसवून, परवाने देऊन, अशी वाट खेळात हवी होती. कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्याहून नेमकं तेच केलं. चोळांचा कल समुद्राकडे आहे, म्हणून त्यांना घेऊन मी बंदरं तटबंदीने बांधून काढते आणि आरमार घराजवळ ठेवते. तसा डाव टिकतो, मजाही येते, पण त्याला गुण नाहीत.

याच युगात धर्मप्रसार आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. प्रचारक इकडून तिकडे हलवत बसायचं. एवढंच.

शहर आणि गाव हा भेद मात्र मला फार आवडला. नवी वस्ती आधी गाव असते. गावात काही बांधायला लावता येत नाही. त्याचं उत्पादन सोन्यात बदलतं, त्यातून हवं ते विकत घ्यायचं. गाव वाढलं की त्याला एक काम ठरवून द्यायचं: शेती, खाण, मासेमारी, व्यापार. मग ते आपलं अन्न जोडलेल्या शहराला धाडतं. किनाऱ्यावर मासेमारीची तीन गावं आणि त्यांच्या जिवावर वाढणारं एक मोठं शहर हे चित्र कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडची मासळी वर्षानुवर्षं मुंबईलाच जात आली आहे. यामुळे सहाव्या भागातला शेवटच्या शंभर टर्नांचा छळ, म्हणजे वीस शहरांत प्रत्येक टर्नला काय बांधू असं विचारणं, पार गेला. कामगार युनिटही गेलं; शहर वाढलं की सुधारणा आपोआप होते. सेनापतीखाली फौज एकत्र बांधून हलवता येते. पाचव्या भागापासून एका षटकोनात एकच पलटण असायची, त्यामुळे डोंगराच्या खिंडीत सगळी फौज तुंबायची. ती अडचण सुटली. मुरूडच्या आतेभावाने याच एका गोष्टीसाठी खेळ घेतला आणि त्याला तो पुरतो आहे.

आधुनिक युग मला सर्वांत कच्चं वाटतं. खेळ विसाव्या शतकाच्या मध्यावर संपतो. कारखान्यांचा माल, रेल्वे, जागतिक प्रदर्शनासाठी पुरातन वस्तू शोधणं, माणूस अवकाशात पाठवणं, सगळ्या वाटा आहेत, पण शेवटाकडे यादी संपवल्यासारखं होतं. मुघलांना घेतलं तर सोनं धो धो येतं, इतर उत्पन्नावर कात्री लागते, आणि सगळं विकत घेऊनच जिंकायचं असतं. एकदा गंमत वाटते. मराठे या युगात नाहीत हे मला खुपतं. अठराव्या शतकाचा हिंदुस्थान त्यांच्याविना अपुरा आहे. झाशीची राणी लक्ष्मीबाई नेता म्हणून आहे, पण वेगळे पैसे देऊन. झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव आमच्याच कोकणातलं, लांज्याजवळचं कोट. मी ते पैसे भरले आणि मला पश्चात्ताप नाही. पण ७० डॉलरचा खेळ बाजारात आल्यापासून नेते आणि संस्कृती हप्त्याहप्त्याने विकत राहणं मला अजिबात पसंत नाही. मूळ खेळ सवलतीत मिळेल तेव्हा घ्या, बाकीचं नंतर पाहा.

खेळाची मांडणी, म्हणजे पडद्यावरची माहिती, सुरुवातीला फारच अपुरी होती. शहराचं नाव बदलण्याचीही सोय नव्हती, आणि जिंकल्यावर ‘आणखी एक टर्न’ हा या मालिकेचा जीव असलेला पर्यायही नव्हता. दोन्ही नंतर आले. नकाशे चौकोनी वाटायचे, तेही सुधारले. तरी कुठल्या इमारतीने नेमकं किती वाढवलं हे शोधायला अजून दोन-तीन खिडक्या उघडाव्या लागतात. स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर २०२५ मध्ये परीक्षणं ‘मिश्र’ होती, त्याचं मोठं कारण हेच असावं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. माझ्या मधल्या दर्जाच्या गेमिंग लॅपटॉपवर खेळ नीट चालतो, शेवटच्या युगात टर्नला वेळ लागतो. पावसात वीज जाते तेव्हा टर्नवर चालणारा खेळ हे सुख आहे: ऑटोसेव्ह प्रत्येक टर्नला लावून ठेवायचा, लॅपटॉपची बॅटरी उरलेला अर्धा तास पुरते. अपडेट मोठे असतात, ते रात्री उतरवायला लावावेत. एकट्याने खेळायला इंटरनेट लागत नाही. मराठी तर सोडाच, कुठलीच भारतीय भाषा खेळात नाही.

जुन्या मंडळींना एक आठवण करून देते. २०१० मध्ये पाचवा भाग आला तेव्हा चौथ्याचे भक्त असेच चिडले होते. २०१३ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या पुरवणीनंतर तोच पाचवा भाग अनेकांचा लाडका झाला. सहाव्यालाही चित्रं पोरकट आहेत म्हणून नावं ठेवली होती. सातव्याला तेवढा वेळ लागेल असं मला वाटतं. खेळ बनवणाऱ्या फिरॅक्सिसने एकच संस्कृती सर्व युगांतून नेता यावी यावर काम सुरू असल्याचं २०२५ मध्ये सांगितलं होतं. ज्यांना बदल मुळीच नको त्यांनी ती सोय आली आहे का ते आधी पाहावं; नसेल तर थांबावं, सहावा भाग सगळ्या पुरवण्यांसह सवलतीत खूप स्वस्त मिळतो आणि तो पूर्ण खेळ आहे. ज्यांना मालिकेत नवं काही हवं आहे, विशेषतः ज्यांचे सहाव्या भागातले डाव दोनशेव्या टर्ननंतर अर्धवट सुटत होते, त्यांनी आताच घ्यावा. मौर्यांपासून सुरुवात करावी, चोळांकडे यावं, आणि राजधानी शक्य तितकी समुद्राला लागून वसवावी.