वानुनूची गाणी : दहा महिने गायल्यानंतर

मागच्या जूनमध्ये मामा लंडनहून कायमचे परत आले, तेव्हा त्यांच्या पेटीत एक कॅसेट आणि झेरॉक्स केलेलं बारा पानांचं चोपडं निघालं. मोर्देखाय वानुनूच्या सुटकेसाठी तिकडे जी चळवळ चालली, तिच्यातली ही गाणी. इस्रायलच्या दूतावासासमोर थंडीत उभं राहून म्हणायची, म्हणून चाल सोपी, गिटारवर तीन कॉर्ड, आणि ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. आमच्या अलिबागच्या पाच जणांच्या गटानं ती मराठीत आणली, पोवाड्यात बसवली आणि दहा महिन्यांत चौदा ठिकाणी गायली. मी झील धरते, म्हणजे शाहिराच्या मागे उभी राहून ध्रुवपद उचलते, त्यामुळे ऐकणाऱ्यांचे चेहरे मला शाहिरापेक्षा जास्त दिसतात. त्यावरूनच हे लिहितेय.

वानुनू कोण, हे प्रत्येक ठिकाणी सांगावं लागलं. मोरोक्कोत, माराकेशला 1954 साली जन्मलेला हा माणूस. 1963 साली घरचे इस्रायलला गेले आणि बीरशेबात राहिले. पुढे दिमोनाजवळच्या अणुकेंद्रात तो तंत्रज्ञ म्हणून लागला आणि 1985 पर्यंत तिथे होता. जमिनीखाली सहा मजले खोल जे चाललं होतं, त्याचे त्यानं चोरून फोटो काढले, पन्नासच्या वर. त्या फोटोंवरून जाणकारांनी अंदाज बांधला तो शंभर ते दोनशे अणुबॉम्बचा. त्यांच्या सरकारनं ते असल्याचं कधी मान्यही केलेलं नाही आणि नाकारलेलंही नाही. फोटो घेऊन तो ऑस्ट्रेलियामार्गे लंडनला पोचला आणि सगळं संडे टाइम्स या वृत्तपत्राच्या हवाली केलं.

इथेच चोपड्यातल्या बहुतेक गाण्यांचा क्रम चुकतो. बातमी छापून आली आणि मग त्याला पकडलं, असं त्यांत आहे. प्रत्यक्षात 30 सप्टेंबर 1986 ला रोममध्ये त्याला पळवलं, गुंगीचं औषध देऊन जहाजानं इस्रायलला नेलं, आणि बातमी आली 5 ऑक्टोबरला. म्हणजे जग त्याचं नाव वाचत होतं तेव्हा तो कैदेत होता आणि तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोवाड्याला याहून मोठा चौक, म्हणजे खंड, कुठला हवा? आम्ही क्रम सुधारला आणि त्या पाच दिवसांसाठी डफ पूर्ण थांबवला. नुसता आवाज. तेवढ्यात लोक पुढे सरकून बसतात, हे मी दर वेळी पाहिलंय.

दुसरा दोष जास्त खोल आहे. लंडनहून रोमला त्याला नेलं ते मोसाद या इस्रायली गुप्तहेर संस्थेच्या एका बाईनं, सिंडी या नावानं मैत्री करून. चोपड्यात तिच्यावर कडव्यांमागून कडवी आहेत. पहिले तीन कार्यक्रम आम्ही ती गायलो आणि तिन्ही ठिकाणी मंडपात खसखस पिकली. नंतर चहाच्या वेळी लोक त्या बाईबद्दल विचारत. बॉम्बबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्याच्यासाठी गातो त्याला आपणच हसण्यावारी नेलं, असं वाटत राहिलं. चौथ्या कार्यक्रमापासून ती सगळी कडवी काढली, एक ओळ ठेवली.

टिकलंय ते तळहाताचं कडवं. डिसेंबर 1986 मध्ये त्याला कोर्टात नेताना पोलिसांच्या गाडीच्या काचेला त्यानं तळहात टेकवला. त्यावर पेनानं लिहिलेलं होतं : रोममधून पळवलं, तारीख, रात्रीचे नऊ, रोमला आला ते विमान बीए 504. बाहेरच्या छायाचित्रकारांनी तो हात टिपला आणि त्याला कुठून पळवलं ते जगाला तेव्हा कळलं. आम्ही ते असं बांधलं :

तोंडाला पहारा, तळहात बोलला,
गाडीच्या काचेला जाऊन टेकला,
तीस सप्टेंबर, रात्रीचे नऊ,
रोममधून उचलला, वाचा हो भाऊ, जी जी रं जी

हे गाताना आम्ही पाचही जण हात वर करतो. नागावच्या अंगणात एका लहान मुलीनं तिचाही हात वर केला, त्यावर मेंदी होती. दहा महिन्यांत हे कडवं एकदाही फिकं पडलं नाही.

वाद्यांचं थोडक्यात सांगते. गिटार पहिल्या महिन्यातच बाजूला ठेवली, चढ्या सुरात शाहिराला तिची मदत होत नव्हती. डफावर ही गाणी उभी राहतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये अलिबागच्या हवेत डफ सैल पडतो. प्रत्येक चौकानंतर रद्दी पेटवून शेकावा लागतो. पावसाळ्यात गाणार असाल तर दोन डफ ठेवा. एका कॉलेजनं ऐनवेळी कार्यक्रम रद्द केला, विषय नाजूक आहे म्हणून. आम्ही बाहेर एसटी स्टँडवर गायलो. जैतापूरवर का गात नाही, असंही कुणीकुणी विचारतं. तो प्रश्न विजेच्या प्रकल्पाचा आणि तिथल्या जमिनीचा आहे, त्याला स्वतःचा पोवाडा हवा. इथे ठिगळासारखा जोडला तर दोन्हींवर अन्याय होईल.

जानेवारीत नवगावजवळ गायलो तेव्हा समोर एक आजी बसल्या होत्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाच्या, माहेर इकडचं, आणि पन्नास वर्षं राहायला कुठे, तर दिमोनात! तिथे आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींची मोठी वस्ती आहे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "पोरी, त्यानं केलं ते मला पटत नाही. तिकडे त्याला गद्दारच म्हणतात. पण अकरा वर्षं एकट्याला कोंडायचं?" शिक्षा अठरा वर्षांची होती, बंद दाराआड चाललेल्या खटल्यात झालेली, आणि त्यातली अकरा वर्षांहून जास्त एकांतात गेली. तो आकडा गाण्यातून त्यांच्यापर्यंत पोचला होता.

मग त्यांनी आमची चूक काढली. सुरुवातीला ते केंद्र म्हणजे कापडगिरणी आहे असं इस्रायलनं अमेरिकेला सांगितलं होतं, म्हणून आम्ही गात होतो, "गिरणी नव्हती, गिरणीचं सोंग होतं". आजी म्हणाल्या, "आमची गिरणी खरी होती गं. मी मागावर उभी राहिलेय तिथे. आमच्या नावावर त्यांनी खोटं सांगितलं, असं गा." गावात दोन गोष्टी होत्या, एक बायकांना पोटाला देणारी आणि एक जिच्याबद्दल कुणी विचारायचं नाही अशी. आम्ही दोन्ही एकाच ओळीत मिसळल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ओळ बदलली.

सगळ्यात मोठी अडचण अजून सुटलेली नाही. चोपड्यातली सगळी गाणी "त्याला सोडा" म्हणतात. 21 एप्रिल 2004 ला तो अश्कलोनच्या तुरुंगातून बाहेर आला, दोन बोटं वर करून, आणि केल्याचा अभिमान आहे असं म्हणाला. गाणी तिथे थांबतात. पण देश सोडायला बंदी, परदेशी माणसांशी बोलायला बंदी, आणि ती मोडली म्हणून 2010 मध्ये पुन्हा तीन महिन्यांची कैद. सुटकेच्या ध्रुवपदावर लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मला पुढचं सांगता येत नाही, कारण आमच्याकडे पुढचं कडवंच नाही.

ज्यांना ही गाणी हवीत त्यांना आमची सुधारलेली संहिता आणि कॅसेटची नक्कल आनंदानं देऊ. शेवटचा चौक आम्ही चार वेळा लिहिला आणि चारही वेळा फाडला. शाहिराचं म्हणणं, तिथे पुन्हा तळहातच आणावा, पण या वेळी कोरा. परवाच्या तालमीला तसं गाऊन बघणार आहोत. आजी दिमोनाला परत गेल्या आहेत, फोनवर ऐकवू म्हणून कबूल केलंय.