संगणकाची पहिली ओळख: वर्गात की व्हिडिओ पाहून?

माउस कधीच हाती न धरलेल्या एका परिचितांनी विचारले, की वर्ग लावावा की घरीच व्हिडिओ पाहून शिकावे.

खर्चात व्हिडिओ सरस ठरतात, यात वाद नाही.

अडखळल्यावर काय होते, हा निकष मात्र अधिक महत्त्वाचा आहे. विंडोज १० या संगणक चालवणाऱ्या प्रणालीवरील व्हिडिओ पाहणाऱ्याला स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यात दिसते, तर २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये ते मुळातच पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या मध्यभागी असते. जाणकाराला हा फरक क्षुल्लक वाटला, तरी नवशिक्या तेथेच थांबतो, कारण आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हेच त्याला सांगता येत नाही. वर्गातील शिक्षक पडदा पाहून अडचण ओळखतो. फाइल जतन केली पण ती कोणत्या फोल्डरमध्ये गेली, हा नेहमीचा गोंधळही समोरासमोर लवकर सुटतो.

गतीच्या बाबतीत पारडे फिरते. व्हिडिओ हवा तितक्या वेळा मागे नेता येतो. वर्ग कोणासाठी थांबत नाही आणि गर्दीच्या वर्गात एका संगणकावर दोघे बसले, तर एकजण केवळ प्रेक्षक उरतो. (प्रमाणपत्राच्या आकर्षणाला मी फारसे महत्त्व देत नाही.) सराव दोन्हीकडे स्वतःलाच करावा लागतो.

घरात विचारायला कोणी असेल आणि ईमेल किंवा अर्ज भरण्यापुरतेच शिकायचे असेल, तर व्हिडिओ पुरेसे आहेत. एकट्याने, अगदी शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने आणि कार्यालयीन कामासाठी टंकलेखन व तक्ते शिकू इच्छिणाऱ्याने प्रत्येकास स्वतंत्र संगणक देणारा वर्ग निवडावा.