चुंबक झालेले ‘हेमॅटाइट’ आणि चौदा हजारांची पेटी

उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवरील एका रात्रीच्या बाजारात मी १४,००० रुपये मोजून बारा खनिजांची एक लाकडी पेटी विकत घेतली. त्या बारांपैकी जेमतेम चार नमुने चिठ्ठीवरील नावाला पात्र निघाले. मी गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीची असून माझे वडील खाणीच्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तपासण्याच्या कामावर होते आणि मी स्वतः तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. ‘तुम्ही कशा फसलात?’ हा प्रश्न आतापर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर थोडे लाजिरवाणे असले तरी ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पेटी मला वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला द्यायची होती. २०१२ नंतर गोव्यातील खाणकाम दीर्घ काळ ठप्प राहिल्याने आजच्या मुलांनी खनिजाने भरलेले ट्रक आमच्याइतके पाहिलेले नाहीत, तेव्हा निदान दगड तरी त्यांच्या हाती पडावेत, एवढाच हेतू होता. विक्रेता सुशिक्षित आणि मृदुभाषी होता. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिक मोस यांनी १८१२ साली मांडलेली खनिजांच्या कठिनतेची श्रेणी, शंखजिरे १ पासून हिरा १० पर्यंत, त्याने तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि पेटीतील क्वॉर्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या, पारदर्शक स्फटिकाने काचेच्या पट्टीवर ठसठशीत ओरखडा काढून दाखवला. क्वॉर्ट्झची कठिनता ७ आणि काचेची साधारण साडेपाच असल्यामुळे ती चाचणी निर्दोष होती. फक्त तपासून दाखवलेला तो नमुना पेटीतील मोजक्या अस्सल नमुन्यांपैकी होता, आणि उरलेल्या अकरांना मी हात लावून पाहण्यापलीकडे काहीही केले नाही. दुकानात दगड घासून पाहणे मला असभ्यपणाचे वाटले, हेच ते लाजिरवाणे उत्तर.

पेटी घरी आल्यावर वडिलांचे एक जुने सहकारी, ज्यांना मी काका म्हणते, ती पाहायला आले. त्यांनी ‘हेमॅटाइट’, म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेले लोहखनिज, असे लिहिलेले दोन काळेभोर, आरशासारखे चकचकीत गोळे उचलले, तर ते एकमेकांना खट्‌कन चिकटले. काका हसले नाहीत. “बाये, हो आमचो फातर न्हय,” म्हणजे हा आमचा दगड नव्हे, एवढेच म्हणाले आणि त्यांनी न्हाणीघराची उरलेली एक लादी मागवली.

लादीची मागची, झिलई नसलेली खरबरीत बाजू म्हणजे घरच्या घरी मिळणारी कसाची पाटी. खनिज तिच्यावर घासले की जी पूड उमटते, तिच्या रंगाला कस म्हणतात. दगडाचा वरचा रंग अशुद्धींमुळे, हवेमुळे किंवा झिलईमुळे बदलतो, पण पुडीचा रंग सहसा बदलत नाही, म्हणून ओळख पटवताना कसाला अधिक मान असतो. हेमॅटाइट दिसायला करडे, काळे, तांबडे कसेही असो, त्याचा कस गेरूसारखा तांबडाच येतो. गेरूला रंग येतो तोही याच खनिजामुळे. डिचोलीत खाणीच्या ट्रकांमागून ज्याने सायकल चालवली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको, कारण आमचे रस्ते आणि वडिलांच्या सदऱ्याच्या बाह्या म्हणजे हेमॅटाइटचा कसच होता. वडिलांच्या टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवलेला खाणीतला काळपट खडा आम्ही लादीवर घासला, तांबडी रेघ आली. विकतच्या गोळ्याची रेघ काळपट आली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चुंबकाकडे ओढले जाणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. मॅग्नेटाइट हे लोहाचेच दुसरे ऑक्साइड असून ते चुंबकाकडे जोरात ओढले जाते आणि त्याचा कसही काळा असतो. पण हेमॅटाइटचे आकर्षण फार क्षीण असते, आणि गुळगुळीत गोळे किंवा मणी आपणच चुंबक होऊन एकमेकांना चिकटत असतील, तर ते बहुधा फेराइट, म्हणजे कारखान्यात भाजून तयार केलेले लोहयुक्त चुंबकीय द्रव्य असते. भूवैज्ञानिक प्रक्रियेतून निसर्गात तयार झालेल्या घन पदार्थालाच खनिज म्हणायचे असल्यामुळे हे गोळे हलक्या प्रतीचे हेमॅटाइटही ठरत नाहीत, ते खनिजच नव्हेत. ‘मॅग्नेटिक हेमॅटाइट’ हे केवळ व्यापारी नाव आहे.

मग आम्ही उरलेली पेटीही तपासली. हिरव्या पट्ट्यांचे ‘मॅलाकाइट’ हातात कोमट आणि हलके लागले, तेव्हा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तो किती पट जड आहे ते, काढले. दगडाचे वजन ८४ ग्रॅम भरले. त्यानंतर काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणला, आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता पूर्ण बुडवला, तेव्हा काट्याने ५२ ग्रॅम दाखवले, म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. ८४ ला ५२ ने भागले की सुमारे १.६ येतात. मॅलाकाइट हे तांब्याचे कार्बोनेट असून त्याचा आकडा ४ च्या आसपास असायला हवा. तापवलेली सुई टोचताच प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. ‘सनस्टोन’ म्हणून दिलेला चमचमता तांबूस दगड भिंगाखाली काच निघाला, त्यात हवेचे गोल बुडबुडे दिसत होते.

निळ्या ‘ॲपोफायलाइट’ने मात्र मला अधिक विचारात पाडले. महाराष्ट्रातील बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील खनिजांसोबत सापडणारे हे सुंदर खनिज रंगहीन, पांढरे किंवा हिरवे असते, आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हन्साइट हे दुसरे खनिज खरोखरच गडद निळे असते. विक्रेत्याने या दोन खऱ्या गोष्टींची सरमिसळ करून एक खोटी गोष्ट विकली होती. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात भिजवलेला कापूस फिरवताच कापूस निळा झाला आणि स्फटिक फिकट पडला.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्याच्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला की पेटीतील ‘सिट्रीन’, म्हणजे पिवळा-नारिंगी स्फटिक, तर क्वॉर्ट्झच आहे ना, मग तक्रार कसली? यातली मेख अशी की ते खरे होते. जांभळा क्वॉर्ट्झ, म्हणजे ॲमेथिस्ट, उष्णता देऊन नारिंगी केला, तरी रासायनिक संघटन आणि स्फटिकरचना यांवर आधारलेल्या वर्गीकरणात तो क्वॉर्ट्झच राहतो, बदलतो तो केवळ प्रकार. परंतु ‘नैसर्गिक रंग’ म्हणून त्याने त्याची किंमत लावली होती, आणि तो रंग भट्टीतला होता. बाकीच्या नमुन्यांबद्दल बोलायला त्याला वेळ नव्हता.

पावती काढून पाहिली, तर तिच्यावर ‘फॅन्सी स्टोन, १२ नग’ एवढेच लिहिलेले होते. सोबतच्या चकचकीत प्रमाणपत्रावर ना प्रयोगशाळेचे नाव होते, ना विशिष्ट गुरुत्व, ना प्रक्रियेचा उल्लेख. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे, पण त्या पावतीच्या जोरावर काय सिद्ध करणार, ही चिंता आहेच. खनिजाचे नेमके नाव, रंग नैसर्गिक की दिलेला, आणि ‘अमुक नमुना खोटा निघाल्यास पैसे परत’ हे वाक्य विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लिहून द्यायला तो कां-कूं करू लागला, तर तिथेच थांबावे.

ती पेटी सागवानी रंगाची आहे, आत लाल मखमल आहे, आणि बारा खणांतील चिठ्ठ्या सोनेरी कडांच्या आहेत. त्या दिवशी मी विक्रेत्याकडून निघाले तेव्हा तशाच चार पेट्या टेबलावर मांडलेल्या होत्या, आणि एक जोडपे त्याच्या हातातल्या काचेच्या पट्टीकडे कौतुकाने पाहत होते.